मढ्याचं काम

“फॉरेन्सिक? म्हणजे मढ्याचं काम!” बारावीच्या सुट्टीत हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की शेवटी मी नुसते दातओठ खायची. आजही आठवलं की डोकं फिरतं.

लातूरला दोन वर्षं क्लास केले. तिथं पोरगी एकतर डॉक्टर होणार, नाहीतर वाया गेली. मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. आमच्या मुखेडात शेजारची एक सून मेली होती. सासरचे म्हणाले, उलट्या झाल्या अन् गेली. पोलीस म्हणाले, व्हिसेरा, म्हणजे तिच्या पोटातले अवयव, तपासायला पाठवलेत, रिपोर्ट येऊ द्या. तिची आई दर बाजाराला यायची, आमच्या ओट्यावर टेकायची अन् विचारायची, “आला का गं माय, कागद?” माझी बारावी झाली तरी तो आला नव्हता. मला तो कागद लिहिणारी व्हायचं होतं. बस्स, एवढंच.

लातूरच्या हॉस्टेलवर ओळख झालेली उदगीरची एक ताई व्हिसेरा तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. तिला फोन केला. ती म्हणाली, “डिग्रीच्या नावात फॉरेन्सिक आहे म्हणून भुलू नको. आमच्याकडं लई जागांना केमिस्ट्रीच मागतात. बीएस्सी केमिस्ट्रीत कर, पक्की कर, फॉरेन्सिक पुढं एमएस्सीला घे.” मला पटलं.

बाबांना काहीच पटेना. बाबा एसटी डेपोत मेकॅनिक, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्या दिवशी मात्र पुढचं ताट सरकवलं.

“माझ्या आज्यानं मेलेली ढोरं वढायचं सोडलं, तवा गावानं दळण बंद केलं, दुकान बंद केलं. तरी सोडलं ते सोडलंच. अन् तू शिकून सवरून परत मढ्यापाशीच चालली?”

“बाबा, तिथं मढं नसतं हो! सीलबंद बरणी येते. त्यात विष हाय का, तेवढं बघायचं.”

“बरणीत काय असतंय मग? लोणचं?”

आई हसली. मी नाही. आठ दिवस मी पटवत राहिले, बाबा हलले नाहीत. पण अॅडमिशनच्या फॉर्मवर पालकाची सही लागत होती, म्हणून ते नांदेडला आले. एसटीत कंधार मागं गेलं, तरी बाबा आपले खिडकीबाहेरच बघत होते.

कॉलेजात फॉर्म तपासायला एक सर बसले होते. त्यांनी आधी जातीचा दाखला बघितला, मग मला. केमिस्ट्री कशाला घेतेस म्हणाले. मी सांगितलं.

“फॉरेन्सिक? वा! आमच्या पोरींना नाही जमायचं. तुमच्या लोकांना मढ्याबिढ्याची किळस नसते ना. अंगातच असतं ते.”

अन् हे हसून! शाबासकी दिल्यासारखं! आठ दिवस मी बाबांना जे पटवत होते, ते या माणसानं एका वाक्यात मातीत घातलं. बाबांची भीती खरी करून दाखवली मेल्यानं. आता बाबा फॉर्म घडी करून खिशात टाकणार, संपलं सगळं, असं मला वाटलं.

बाबांनी फॉर्म ओढलाच. माझ्या हातातला पेन घेतला. पालकाच्या रकान्यात सही केली, एवढी दाबून की खालच्या कागदावर वळ उठला. मग फॉर्म सरांच्या पुढ्यात ठेवला.

“सर, माझी पोरगी मढं वढणार न्हाई. मुडदा कुणी पाडला, ते लिहून देणार हाय. अन् पाडणारा तुमच्यातला निघाला, तरी बी लिहिणार हाय.”

सरांनी खाली बघतच शिक्का मारला.