दबक्या आवाजातलं जागरण

घोटावड्याच्या कुशाबाचा आवाज म्हणजे काय सांगावं! भातात डुकरं शिरली की हा बांधावरून हाळी द्यायचा आणि पार पलीकडच्या चांदे गावातली माणसं अंथरुणात उठून बसायची, असं लोक म्हणत. थोडं वाढवून म्हणत असतील, पण फार नाही. घरातला गूळ संपला एवढं जरी तो बायकोला, साळूबाईला, सांगायला लागला तरी शेजाऱ्यांना भांडण जुंपल्यासारखं वाटे. मनाने मात्र माणूस भित्रा, आणि त्याची सगळी भीती एका लेकीपायी होती.

कमळ त्याची थोरली. बासष्ट-त्रेसष्टच्या त्या साली ती पौडच्या शाळेत अकरावीला होती. लहानपणापासून तिला फिट यायची. डोळे फिरायचे, अंग ताठ व्हायचं. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. कुशाबाने खंडोबाला नवस केला, पोरगी बरी कर, दर माघात तुझं जागरण घालीन. शब्द त्याने पाळला. नवस कमळसाठी, म्हणून तिलाच रात्रभर दिवटीसमोर बसवत. डोळा लागला की साळूबाई तिच्या तोंडावर पाणी मारायची. दुसऱ्या दिवशी पोरीला हमखास फिट. मग कुशाबा म्हणायचा, देवाचं काहीतरी कमी पडलं. पुढच्या वर्षीचं जागरण आणखी दणक्यात व्हायचं.

पुण्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं की गोळी चुकवू नका, झोप मोडू नका. गोळीचं कुशाबाने ध्यानात ठेवलं. झोपेचं सोडून दिलं, कारण झोप हे काय औषध असतं होय?

यंदा जागरण आलं रविवारी आणि कमळची रसायनाची प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी. कुशाबा खूश. भंडारा लावून पोरगी थेट परीक्षेला जाईल, यापरतं चांगलं काय? कमळचा मात्र जीव टांगणीला लागला होता. तिचं पाठांतर चोख होतं, पण प्रयोगशाळेत काचेची नळी हातात आली की हात थरथरायचा. ॲसिड धरलेलं असताना फिट आली तर? शाळेत कुणाला काही ठाऊक नव्हतं. या धास्तीने झोप उडायची, आणि झोप उडाली की फिट जवळ आली, हे ती समजून चुकली होती.

शनिवारी कुशाबा अंगणात जू दुरुस्त करत असताना ती समोर येऊन बसली.

"आबा, उद्या रातच्याला मला झोपू द्या."

"जागरनात झोपतंय का कुनी?"

"दर साली जागरनाच्या दुसऱ्या दिशी फिट येती. तुमी म्हनता देव कोपला. मला वाटतं, मी झोपत न्हाई म्हनून येती. एक डाव झोपून बघू द्या. बाकी सगळं हाय तसंच ठिवा. आमाला प्रयोगात असंच शिकवत्यात, एकच गोष्ट बदलायची."

कुशाबाला आधी राग आला. मग एकेका वर्षाचं जागरण आठवत गेलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. पोरीला बरं करायच्या नादात तोच तिला जागवत आला होता.

तो तसाच उठून भैरू वाघ्याकडे गेला. दरवर्षीचं जागरण भैरूच घालायचा. भैरूने सगळं ऐकून घेतलं.

"नवस बोललं कोन?"

"म्या."

"मग जागायचं तुमी. पोरीला कशापायी बशिवता?"

"आन तुजी दिमडी? हळू वाजिवशील?"

भैरूने जन्मात कधी हळू वाजवली नव्हती. तरी तो हो म्हणाला.

असलं जागरण मुळशीत पुन्हा झालं नसेल. दिमडीवर फडकं, घंटीच्या लोलकाला चिंधी. म्हातारी मंडळी कानामागे हात धरून पुढे पुढे सरकत होती. येळकोट करायची वेळ आली तसे सगळे कुशाबाकडे बघायला लागले. त्याने तोंडावर उपरणं धरलं आणि इतका बारीक येळकोट केला की साळूबाईला हसू आवरेना. आतल्या खोलीत कमळ गाढ झोपली होती. कुशाबा मधूनच दाराशी जाऊन तिचा श्वास ऐकून येत होता.

सकाळी त्याने बैलगाडीतून तिला पौडला नेलं. ती आत गेली. त्याने चिंचेखाली बैल सोडले आणि प्रयोगशाळेच्या खिडकीवर नजर लावून बसला. काही झालंच तर धावायचं होतं. पण रात्रभरची जाग होती, बसल्या जागीच तो आडवा झाला.

डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. शाळा सुटलेली. डोक्याखाली कुणीतरी दप्तर सरकवलं होतं, बैलांपुढे पेंढा होता, आणि कमळ गाडीच्या चाकाला टेकून बसली होती.

तो धडपडत उठला. "आली का?"

"न्हाई आली."

"आन परीक्षा?"

"हात हालला थोडा. पर नळी न्हाई पडली. परीक्षेला दिल्यालं मीठ कंचं, ते बराबर वळखलं." तिने बोट दाखवलं. त्यावर पिवळा डाग होता, भंडाऱ्याचा की ॲसिडचा ते कळेना.

"मग मला उठवायचं न्हाईस व्हय गं?"

"मास्तर उठवीत हुते. मीच म्हनलं, ऱ्हाऊ द्या, माज्या वाटचं जागल्यात."

कुशाबाने दप्तर झटकून तिच्या हातात दिलं. त्याने गाडी जुंपली. पौड मागे पडलं आणि रात्रभर कोंडून ठेवलेला येळकोट त्याने असा काही ठोकला की बैल बुजले. मग एकदम जीभ चावून त्याने मागे पाहिलं.

"वरडा खुशाल," कमळ म्हणाली. "आता मी जागीच हाय."