आतेभावाचा धपाटा

माझ्या आतेभावाचा हात तोलायचा तर साधा तराजू पुरणार नाही, उसाचे ट्रक चढतात तसला काटा लागेल. मैंदर्गीकडचा हा गडी शेळ्या-मेंढ्या पाळतो आणि बाजारात बोकडांची देवघेव करतो. बोकड घ्यायचा तर आधी त्याच्या पाठीवर हात आपटायचा, मग कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं रुतवून मांस बघायचं. जन्मभर हेच केल्यामुळे माणूस भेटला तरी याचा हात आधी पाठीवर पडतो. "का रं गड्या, बरा हाईस का?" हे शब्द मागनं येतात.

आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत राहत होतो तेव्हा त्याच्या एका धपाट्याने माझ्या तोंडातली सुपारी उडाली ती समोरच्या वाण्याच्या तराजूत. वाण्याने ती गुळाच्या वजनात धरली. दुसऱ्या एका धपाट्याने शेजारच्या कारखान्यातले चार माग बंद पडले. मी हे चारचौघांत सांगायचो, लोक पोट धरून हसायचे आणि आतेभाऊ सगळ्यांत जास्त हसायचा. हसता हसता आणखी एक द्यायचा.

गेल्या वर्षी माझ्या कण्यातली चकती सरकली. डावा पाय मांडीपासून बधिर व्हायला लागला. डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधला आणि बजावलं, पाठीला एकही हिसका नको, नाहीतर पाय जाईल. तोवर मी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो, आणि पाय गेला तर जिने कोण चढणार, ऑफिसला कोण जाणार, या विचाराने माझी पाचावर धारण बसली.

आतेभावाला फोन केला. आता सांगायचं होतं सरळ, पण जिभेला वळण पडलेलं. मी म्हणालो, "डॉक्टरनं माझ्या कण्याचा फोटो बघितला आणि खुर्चीवरनं खाली पडला. म्हणाला, हा माणूस हाय का कोसळलेला पूल? तुझ्या हाताला आता बंदुकीसारखं लायसन लागतंय म्हणाला."

तिकडून हसण्याचा असा स्फोट झाला की मला मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. "येतो रविवारी, पूल बघायला," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

रविवारी दुपारी मी टेबलाशी जेवत होतो, दाराकडे पाठ. दार उघडंच होतं. पावलं ऐकू आली नाहीत. एकदम पाठीत घण बसला. छाती टेबलावर आदळली, हनुवटी ताटाच्या काठावर आपटली, ओठ फाटला आणि आमटीत रक्त सांडलं. कमरेपासून टाचेपर्यंत वीज गेली, आणि मग पाय गेला. होता तिथंच, पण माझा नव्हता.

मी विचार केला नाही. पाण्याने भरलेला तांब्या उचलला आणि वळून त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं तसा तो रेड्यासारखा फुरफुरला आणि त्याने माझी मान धरून मला फ्रीजवर दाबलं. वरचे स्टीलचे डबे आमच्या डोक्यावर कोसळले. मी त्याच्या मनगटात दात रोवले ते हाडाला लागेपर्यंत. त्याने गुडघा मारला, मी त्याचा कान पिरगाळला. बायको भाकरी करत होती. तिने गॅसवरचा तवा सांडशीने धरून आणला आणि आमच्या दोन नाकांच्या मधोमध उभा धरला. "कुणाचं आधी भाजू, तेवढं सांगा," ती म्हणाली. नाकाचे केस जळल्याचा वास आला तेव्हा आम्ही सुटलो.

मी घसरत खाली बसलो. उठता येईना. आणि तिथं, फरशीवर, आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला कुठलंही मीठमसाला न लावता बोललो.

"मला लागतं. आजवर दर खेपेला लागलंय. आता पाय जातोय. मला मारू नको."

तो डोळ्यातलं रक्त पुसत उभा राहिला. "खरं?"

"खरं."

"मग आदी का न्हाई सांगितलास?"

"सांगितलं होतं की फोनवर."

"ते पुलाचं?" तो म्हणाला. "मर्दा, तुजं कुटलं धरायचं नि कुटलं सोडायचं आमी?"

 बायको तवा घेऊन आत गेली.

त्यानेच मला दोन्ही हातांवर उचलून तीन मजले खाली नेलं, इतकं जपून, जणू अंडी नेत असावा. रिक्षात बसवलं. मग रुमाल भुवईवर दाबून म्हणाला, "माजं बी एक हाय."

"बोल."

"भावकीतल्या लग्नात तू मांडवभर सांगितलास, मी अख्खं बोकड खाऊन हिरीत उडी मारली नि पाणी भाईर आलं. माज्या पोरीला बगायला आलेली माणसं तितंच बसली हुती. पोरगी आता माज्यासंगं कुटं यायला नको म्हणती. मी हसलो, कारण सगळी हसत हुती. मला बी लागतंय की."

दवाखान्यात त्याला चार टाके पडले, मला इंजेक्शन. पाय तीन आठवड्यांनी परत आला, पूर्ण नाही, पण जिना चढण्याइतका.

आता तो येतो तेव्हा दारात थांबतो, हात मागे बांधून. मी हो म्हटलं तर खांद्यावर ठेवतो, नाही म्हटलं तर नाही. पहिले काही दिवस दोघांनाही विचित्र वाटलं, अजूनही थोडं वाटतं.

हे सगळं छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवलं. धपाटे राहू दे म्हणाला, तांब्याही राहू दे, रेडाही चालेल. दोन ठिकाणी त्याने नको म्हणून मान हलवली. ती दोन्ही वाक्यं मी त्याच्यासमोर खोडली, आणि मला शपथेवर सांगता येईल, तीच दोन सगळ्यांत झकास होती.