नऊ जादा सह्या

आमच्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचे ते थांबाभाऊ. आग विझवायची लाल सिलिंडरं आम्ही बनवायचो. प्रत्येकात पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा आणि तो अर्धा मिनिट टिकतो का ते बघायचं, हे भाऊंचं काम. काटा वर गेला की हात उंच करून म्हणायचे, "थांबा." मग मागे खुद्द मालक उभा असला तरी त्याला थांबावं लागायचं. एकदा मॅनेजर वैतागून म्हणाला, "अहो, वीस सेकंद पुरेत की." तर हे घड्याळावरची नजर न हलवता म्हणाले, "एकविसाव्याला फाटणार नाही असं सिलिंडरने लिहून दिलंय का साहेब?"

मी तिथे टायपिस्ट होते. भाऊ त्यांच्या वहीत आकडे लिहायचे, मी त्यावरून तपासणीचे दाखले टाईप करायचे, खाली त्यांची सही. माझी जीभ तिखट, हे सगळा कारखाना सांगेल. चहात साखर कमी पडली तरी मी चहावाल्याची बिनपाण्याने करायची. जिथे तोंड उघडायचं होतं तिथे मात्र मूग गिळून बसले, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

भाऊ दुपारी माझ्या टेबलाशी जेवायला बसत, कारण त्यांच्या शेडमध्ये कायम ओल. त्यांची बायको डब्यात माझ्या वाटणीचंही पाठवायची. माझा नवरा तेव्हा आजारपणाने घरी बसलेला, दोन मुली शाळेत. हे भाऊंना ठाऊक होतं, पण विचारपूस करून कधी त्यांनी मला अवघडून टाकलं नाही. टायपिंगच्या चुकांवरून तेवढं छळायचे.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. काट्यासमोर भिंग बांधून त्यांनी कसेबसे चार महिने रेटले. शेवटी बायकोने रडून-ओरडून ऑपरेशनला तयार केलं. वीस दिवसांची रजा.

रजेवर जाताना कोरे फॉर्म सही करून ठेवायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. भाऊंची एकतीस सिलिंडरं तपासून झाली होती, दाखले टाईप व्हायचे होते. एकतीस फॉर्मवर सही पुरली असती. पण त्या दाखल्यावर खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला की फॉर्म बाद, आणि माझ्या हातून चुका भरपूर. म्हणून मीच म्हटलं, "नऊ जादा करून ठेवा."

ते पेन हातात धरून घुटमळले. "हे काही बरोबर नाही गं."

"करा हो भाऊ, मी आहे ना इथे. तुमच्या वहीत नाही तो नंबर माझ्या मशीनवर चढायचा नाही."

फॉर्म नाकाशी धरून त्यांनी चाळीस सह्या केल्या.

पाचव्या दिवशी मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. चाळीस सिलिंडरांची ऑर्डर, ट्रक दारात उभा, आणि तपासलेली फक्त एकतीस. "सही केलेले फॉर्म उरलेत ना? टाक त्यावर राहिलेले नऊ नंबर. तारीख रजेच्या आधीची घाल."

"पण ती तपासली कुठेत?"

"आजवर एक तरी फाटलंय का? आणि हे बघ, तुझे कायम होण्याचे कागद माझ्याच टेबलावर आहेत."

मी टाईप केलं. वरच्या एकतिसांतले आकडे थोडे मागेपुढे करून खाली उतरवले. आधीच्या एकतिसांत एकही फॉर्म बाद झाला नव्हता, आणि त्या दिवशीही मेली एक चूक झाली नाही. भाऊंची वही मॅनेजरने उचलून आपल्या कपाटात ठेवली.

चार महिन्यांनी एका कॅन्टीनमध्ये तेलाने पेट घेतला. तिथल्या आचाऱ्याने आमचं सिलिंडर उचलून दांडा दाबला, आणि सिलिंडरचं बूड फाटलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी नंबर ऐकला. त्या नवांतलाच होता.

चौकशीला बाहेरचे एक अधिकारी आले. वही सापडत नाही, असं कंपनीने आधीच सांगून टाकलं होतं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "दाखल्यातले सगळे आकडे वहीतूनच घेतलेत?"

भाऊ शेजारच्या खुर्चीवर होते. नवा चष्मा, स्वच्छ डोळे.

मी म्हटलं, "हो."

मग त्यांना विचारलं, "सही तुमची?"

"माझीच."

"मग सिलिंडर फाटलं कसं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली बघत म्हणाले, "तेव्हा मला नीट दिसत नव्हतं."

मला वाटलं, माणसाने सगळं ओळखलं आणि मला वाचवायला स्वतःवर ओढून घेतलं. कंपनीने एका कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा म्हणून हात झटकले. भाऊंची नोकरी गेली, चार वर्षं कोर्टाच्या चकरा झाल्या. मॅनेजर बढती घेऊन दुसरीकडे गेला. मी कायम झाले. भाऊंच्या घरी जायचं तोंड नव्हतं, म्हणून अकरा वर्षं गेले नाही. मोठ्या मनाचा माणूस, त्यांना सगळं ठाऊक आहे, असं मनाशी घोकत निवृत्तही झाले.

गेल्या महिन्यात औषधांच्या दुकानात त्यांची बायको भेटली. भाऊ कुठे असतात विचारलं, तर म्हणाली, सायकल स्टँडवर पावत्या फाडतात. एका कारखान्याने तपासणीच्या कामाला बोलावलं होतं, पण गेले नाहीत. "म्हणतात, माझ्या नजरेपायी एकाचा पाय गेला, आणखी कुणाचा नको. दर महिन्याला दोन बस बदलून त्या आचाऱ्याकडे जातात. काय बोलायचं असतं देव जाणे, नुसते बसून येतात."

मी औषधं न घेताच घरी आले. त्यांना ठाऊक नव्हतं. माझा शब्द त्यांनी इतका खरा धरला होता, की स्वतःचे डोळे खोटे ठरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. भाऊ ओट्यावर बसून बूट पुसत होते. मला बघून खरंच आनंदले, आत ओरडून चहा टाकायला सांगितलं. मी चहाची वाट पाहिली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

त्यांनी बूट खाली ठेवला. "नऊ जादा होते त्यातलं?"

"हो."

"म्हणजे माझी एकतीस ठीक होती."

"ठीक होती, भाऊ."

"अगं, ऐकलंस का," त्यांनी बायकोला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. माझं सगळं तिने आतून ऐकलेलं होतं. चहा तिने आणला नाही.

मी उत्तरं घोकून गेले होते. नवऱ्याचं आजारपण, मुलींच्या फिया, मॅनेजरची धमकी. भाऊंनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"चौकशीत बोलली नाहीस ते समजतं," ते म्हणाले. "पोरी होत्या तुझ्या. पण नंतर मला एकट्याला तरी सांगायचंस. मी कुणाला बोललो नसतो."

ते बोलले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं.