बाबा पुन्हा पहिलीत बसले

माझी मुलगी पहिलीत गेली त्याच जूनमध्ये माझ्या वडिलांची वाचा गेली. मेंदूत गुठळी अडकली, उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं थांबलं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्यांना समजत सगळं होतं. ताट पुढे ठेवलं की डावा हात पुढे यायचा, शेजारी डोकावले की ओळखीचं हसायचे. पण तोंडातून निघायचं ते फक्त "अदु... अदु...", म्हणजे कन्नडमधलं 'ते'. आमच्या घरी शब्द आठवला नाही की सगळेच अदु अदु करतात, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही.

आम्ही म्हैसूरचे मराठे. पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत होते म्हणतात. आता फौजेतलं काही उरलेलं नाही, राहिली आहे ती घरातली मराठी, आणि तीही अशी की साताऱ्याचा माझा नवरा तिला चित्रान्न म्हणतो. थोडा भात, थोडं लिंबू, मधेच शेंगदाणा. तो नोकरीला बंगळुरूला असतो, शनिवारी येतो, चिडवतो आणि सोमवारी जातो. बाबांना त्याचं चिडवणं मुळीच आवडायचं नाही. ते शिकले कन्नड शाळेत, नंजनगूडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं तेही कन्नडमध्ये, पण संध्याकाळच्या गाडीने परत येऊन चपला काढल्या की मराठी. लहानपणी मी कन्नडमध्ये काही मागितलं तर ते ऐकू न आल्यासारखं करायचे. पाणी हवं तर पाणी म्हण, नाहीतर तहानलेली राहा. आई गेल्यावर तर हा हट्ट वाढलाच. माझ्या मुलीला मात्र सगळं माफ होतं. ती कन्नडमध्ये बोलायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं उत्तम चालायचं.

इस्पितळात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी विचारलं, "घरात कोणती भाषा बोलता?" मी ताठ मानेने सांगितलं, मराठी. बाई मूळच्या सोलापूरच्या निघाल्या. मला इतका आनंद झाला की त्यांना मिठी मारायची तेवढी राहिली. त्यांनी चित्रांची कार्डं दिली. केळं, कंगवा, पतंग, खिडकी. रोज सकाळ-संध्याकाळ दाखवायची, शब्द म्हणायचा, त्यांच्याकडून म्हणून घ्यायचा. पहिले काही महिने महत्त्वाचे, जे परत यायचं ते बहुतेक तेव्हाच येतं, असं त्या म्हणाल्या. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला गेले की बाबांजवळ त्यांची बहीण, माझी आत्या असायची. ती कार्डं दाखवायची, संध्याकाळी मी. "बाबा, हे काय? के... के..." त्यांचे ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा आणि बाहेर पडायचं "अदु". मी परत विचारायची. ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, प्रयत्नच करत नाहीत. हा माणूस माझ्याशी परत कधी बोलेल की नाही, एवढा एकच प्रश्न मला दिवसभर पोखरायचा. दुकानात गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता वाचायला सांगताना मला बाबांचीच कार्डं दिसायची.

त्या सुमारास मुलीचा गृहपाठ बाबांच्या पलंगावर चालायचा, कारण घरातली एकमेव चांगली ट्यूब त्या खोलीत होती. तिची शाळा सरकारी. पुस्तकात एका पानावर इंग्रजी आणि समोरच्या पानावर तेच कन्नडमध्ये. एका संध्याकाळी मी चपात्या लाटत होते आणि ती आतून आकडे म्हणत होती, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. नाल्कुला ती अडली, तिचं लक्ष पेन्सिलीकडे गेलं असावं. आणि एक जाड, घोगरा आवाज पुढे गेला. ऐदु. आरु. एळु.

मी लाटणं घेऊनच धावले. बाबा एंटुवर, म्हणजे आठवर पोहोचले होते. हत्तूपर्यंत, दहापर्यंत जाऊन ते थांबले आणि स्वतःच घाबरल्यासारखे आमच्याकडे बघू लागले. आत्या रडायला लागली. मुलगी एवढंच म्हणाली, "आता अकरापासून सांग की अज्जा."

सोलापूरच्या बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, मोजणं हे बोलणं नव्हे, पाठ झालेलं आपोआप येतं; पण वाट दिसली आहे, तर त्याच वाटेने जा. ते ज्या भाषेत शिकले आणि राबले ती आत जास्त शाबूत असेल. मग त्यांनी मुलीचं पुस्तक चाळलं आणि म्हणाल्या, माझ्या कार्डांपेक्षा हे बरं आहे.

असे बाबा पुन्हा पहिलीत बसले. रोज शाळा सुटली की वर्ग भरायचा आणि मिस म्हणजे आमची मुलगीच. दिवसभरात जे शिकली ते सगळं, सगळ्या विषयांचं, संध्याकाळी त्यांच्यावर. गणितात आधीची संख्या, नंतरची संख्या, मधली संख्या. गोल, चौकोन, त्रिकोण. परिसराच्या तासाला नाक, कान, डोळे. माझं घर, माझं कुटुंब. कुठला प्राणी कुठे राहतो. लाल दिवा लागला की काय करायचं. वार, महिने. बाबा वार सलग म्हणायचे, पण मंगळवारनंतर काय असं सुटं विचारलं की पुन्हा सोमवारपासून सुरुवात करून तिथवर यावं लागायचं. तीही अजून तसंच करत होती, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शिक्षिका म्हणून ती भयंकर होती. कंटाळा आला की मधेच उठून जायची, चुकलं की "तप्पु!" म्हणून ओरडायची, एकदा तर त्यांच्या हातावर लाल पेन्सिलीने फुली मारली. पण एक गोष्ट ती करायची जी मला आणि आत्याला जमली नाही. विचारून झालं की ती गप्प बसायची. आम्ही शब्दाचं पहिलं अक्षर त्यांच्या तोंडात कोंबायचो. ती पाय हलवत, छताकडे बघत थांबायची, कारण तिची मिस थांबते. त्या शांततेत कधी मूगु यायचं, म्हणजे नाक, कधी किवि, म्हणजे कान. कधी काहीच यायचं नाही, आणि ती पान उलटायची.

डावं-उजवं शिकवलं त्या दिवशी मी दारात उभी होते. "एडगै एत्ति!" डावा हात वर गेला. "बलगै एत्ति!" उजवा हात मांडीवर पडलेला. मी पुढे होणार, तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि तो सावकाश वर उचलला. खांद्यापर्यंत नेला, धरून ठेवला. तिने नीट बघितलं आणि "सरि" म्हटलं. बरोबर. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे बरेच शब्द जमले. शेजाऱ्यांना "बन्नि" म्हणून या म्हणायचे, आत्याला "साकु" म्हणून पुरे सांगायचे. फक्त माझ्याशी काही नाही. मी मराठीत बोलायची, कारण कळत्या वयापासून त्यांच्याशी दुसऱ्या भाषेत मी बोललेच नव्हते. मी विचारायची, "बाबा, बरं वाटतंय का?" ते ओठ हलवायचे, थकायचे आणि भिंतीकडे वळायचे. मला माझ्या सहा वर्षांच्या पोरीचा हेवा वाटायला लागला. आत्या म्हणाली, "तूही कन्नडात बोल की ग, काय बिघडलं?" मी तिच्यावर खेकसले. बाबांच्या आजारपणाचा फायदा घेऊन त्यांचाच कायदा मोडायचा, असं काहीतरी मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर भीती होती. मराठी सोडली तर आमच्या दोघांत राहील काय?

मग चेहऱ्यांचा धडा आला. पानावर चार गोल तोंडं होती. एक हसणारं, एक रडणारं, एक रागावलेलं आणि एक डोळे मोठे करून घाबरलेलं. आज तुला कसं वाटतं ते बोटाने दाखव, असा प्रश्न. वर्गात सगळ्यांनी हसणारं दाखवलं होतं म्हणे.

थोड्या वेळाने मुलगी तणतणत माझ्याकडे आली. "आई, अज्जा तप्पुच सांगतोय. सारखं हेच दाखवतो."

तिचं बोट घाबरलेल्या तोंडावर होतं.

"मी सांगितलं, हे अंधारासाठी आणि कुत्र्यासाठी. तरी तेच!"

मी गॅस बंद केला आणि आत गेले. बाबांचा डावा हात अजून पुस्तक जिथे होतं तिथे चादरीवर टेकलेला होता. मी पलंगावर बसले. "बाबा, काय झालं?" ओठ हलले. काही आलं नाही. मान भिंतीकडे वळू लागली. ती मान वळताना बघून माझ्यातलं काहीतरी सुटलं.

"अप्पा," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा. "एनागुत्तिदे, अप्पा? हेळि." काय होतंय, सांगा.

मान थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असेल म्हणून मी तयार होते. राग नव्हता. मला पहिलं अक्षर सुचवायची फार घाई झाली होती, पण मी तोंड मिटून ठेवलं. मुलगी दारात एका पायावर उभी होती.

"भय," ते म्हणाले.

मग माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. "भय आगुत्ते, मगळे." भीती वाटते, मुली. एकदा म्हणाले, परत म्हणाले, आणि मग लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून रडू लागले. मीही त्यांचं डोकं पोटाशी धरून कन्नडमध्ये काय काय बोलत राहिले, मी आहे, मी इथेच आहे, कुठे जात नाही.

"सरि का तप्पु?" मुलीने दारातून विचारलं.

"सरि," मी म्हटलं.

जूनपासून हा माणूस घाबरलेला होता, आणि आम्ही त्याला केळं म्हणायला शिकवत होतो.