गॉगलची परवानगी

मी तापट, हे आमच्या आळीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक. त्यात लहानपणी विटी लागून डावा डोळा गेला, म्हणून उजव्याला जिवापाड जपतो. सौदीला ग्राइंडिंगच्या कामावर निघालो, तेव्हा महाडहून भारतीय शिक्क्याचा सेफ्टी गॉगल घेऊन गेलो. तिथल्या फोरमनने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ये इधर नहीं चलेगा." मला युरोपच्या शिक्क्याचा दिला. एकदा ग्राइंडरचं चाक फुटून कपची थेट काचेवर आदळली, पण काच टिकली. परतताना त्याच जातीचा कोराकरकरीत विकत आणला.

इकडे एमायडीसीत ठेकेदाराकडं काम लागलं. पहिल्याच दिवशी गेटवर सेफ्टीचे साहेब म्हणाले, "हा नाही चालणार. आपला शिक्का हवा."

माझं टाळकंच सटकलं. "साहेब, डोळा काय पासपोर्ट घेऊन फिरतो? तिकडं आपला नाय चालला, हितं त्यांचा नाय चालत. मग मी काय समुद्रात उभा राहून ग्राइंडर चालवू?"

साहेब हसले. "चाचण्या बऱ्याचशा सारख्याच असतील हो, पण जो तो देश आपलाच कागद मानतो. वर विचारून बघतो."

तोवर खाडे नकोत म्हणून रस्त्यावरच्या गाडीवरून एक स्वस्तातला घेतला. शिक्का होता, पण नखानं खरवडला तर निघायचा. वॉचमननं शिक्का बघून आत सोडलं. मी मात्र रोज सकाळी साहेबांशी भांडत होतो. आठव्या दिवशी लेखी परवानगी आली. रायगड सर केल्यासारखा पेढे घेऊन घरी गेलो आणि सौदीचा गॉगल शोकेसमध्ये ठेवला, अत्तराच्या बाटल्यांशेजारी. आमच्याकडे परदेशची वस्तू वापरायची नसते, पाहुण्यांना दाखवायची असते. उगाच चरे कशाला पाडा!

दुसऱ्या दिवशी तो गाडीवरचा गॉगल पिशवीत टाकत होतो, तर बायको पुढं आली आणि माझ्या उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला.

"मी कुठं हाय, सांगा."

"काय चेष्टा गो ही, सकाळी सकाळी?"

"सांगा ना."

सगळा काळोख. नुसत्या तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

"आठ दिस भांडलात त्याच्यासाठी," ती म्हणाली. "कपाटाला डोळे हायेत काय?"

मला एकाएकी भयंकर भीती वाटली.

"हात काढ गो," मी म्हणालो. "घालतो."