नानांनी स्टेअरिंग सोडले

ट्रकदुरुस्तीच्या कारखान्यात गाडी तक्रार घेऊन येते आणि किस्सा ठेवून जाते. तक्रारीसाठी जॉबकार्ड असते, जॉबकार्डासाठी फाईल असते. किश्शांसाठी मात्र कोणी कपाट केलेले नाही. ते माणसांच्या तोंडी राहतात, आणि तोंडी राहिलेली वस्तू झिजते. कशी झिजते, ते मला ठाऊक आहे. कारण त्यांतला एक किस्सा मी स्वतः झिजवला आहे.

धुळ्याबाहेर, आग्रा रोडवरच्या त्या कारखान्यात मी ऐंशीच्या दशकात कारकून म्हणून लागलो आणि पुढची बरीच वर्षे तिथेच राहिलो. सगळे मला 'भाऊसाहेब' म्हणत. संस्कृत घेऊन बी. ए. झालेला माणूस ट्रकच्या कारखान्यात काय करतो, असे कोणी विचारले, की आमचे शेठ अभिमानाने सांगत, "शुद्ध लिहितो!"

* * *

दगाजी नाना मूळचे साक्रीकडचे. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी रस्त्यावर चालवून पाहणे, हे त्यांचे काम. मी कागदावर 'चाचणी' लिहीत असे. बाकी सगळा कारखाना 'ट्रायल' म्हणे. नानांनी "ओके" म्हटल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे, मग गाडीचा मालक कितीही मोठा असो.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवून ट्रायलला नेले. चपला काढून, अनवाणी पायांनी ते गाडी चालवत. सरळ, मोकळा रस्ता लागला. गाडीने वेग घेतला, आणि नानांनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले!

मी ओरडलो. मारुतिस्तोत्राची पहिली ओळही तोंडून निघाली असावी.

"घाबरू नका, भाऊसाहेब," नाना शांतपणे म्हणाले. "तिले इचारी राह्यनू, तुले कोठे जानं शे?"

गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागली. नानांनी तिला दोन बोटांनी परत रस्त्यावर घेतले. "उजव्या आंगले वढस. लिखा."

हात सोडल्याखेरीज गाडीचा खरा कल कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. चालवणारा नकळत तिची खोड सांभाळून घेतो आणि दोष झाकला जातो.

* * *

नानांना लिहिता-वाचता येत नव्हते. ते दोष सांगत, मी जॉबकार्डावर उतरवीत असे. एकदा ते म्हणाले, "चढाववर रुसस. मंग खोकलस. मंग गुमान चालस." मी लिहिले, 'चढावावर वेगवृद्धी मंद, तदनंतर यंत्रात आवर्ती कंप, पश्चात् गती पूर्ववत्.'

लिहिलेले वाचून दाखवा, असा नानांचा आग्रह असे. मी वाचले. ते विचारात पडले.

"हाई कोनी गाडी शे, भाऊसाहेब? हाई मी सांगेल नही!"

तासाभराने गफूर मिस्त्री ते कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले. हातातला पाना त्यांनी तसाच धरला होता. "भाऊसाहेब, ये बीमारी गाडी की है, या आप की?"

त्या दिवसापासून मी रकान्यात 'चढावावर रुसते' असेच लिहू लागलो. पुढे गाड्या लवकर दुरुस्त होऊ लागल्या, हे मान्य करायला मला दोन वर्षे लागली.

* * *

मुक्ताईनगरकडचे एक केळीवाले आपला ट्रक घेऊन आले. माल मंडईत पोचेपर्यंत काळा पडतो, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. नाना म्हणाले, मागचे पाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, गेले आहेत. शेठ म्हणाले, पाटे चांगले आहेत, आणखी वर्षभर जातील. नवे पाटे मागवले तर गाडी चार दिवस अडकून पडणार होती, आणि शेठना ती संध्याकाळी द्यायची होती.

नानांनी ट्रकच्या हौद्यात एक गोणपाट अंथरले आणि खाली उतरून हात जोडले.

"केळी बोलत नही, शेठ. तुम्ही बसा मांगे."

सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. शेठ बसले. नाना त्यांना फागण्याच्या रस्त्याने नेऊन अर्ध्या तासाने घेऊन आले. शेठ उतरले, टोपी नीट केली, कमरेवर हात ठेवून थोडे चालले आणि गफूर मिस्त्रींना म्हणाले, "पाटे बदला!"

हे सांगायचे ते अशासाठी, की ज्या माणसाच्या एका शब्दावर शेठ ट्रकच्या हौद्यात बसत, तो माणूस नाना होता.

* * *

नव्वदीच्या मध्यावर जळगावला यंत्रांचे मोठे प्रदर्शन भरले. शेठनी नानांना आणि मला पाठवले. एका मंडपात गर्दी दिसली. आत एक बसायची जागा, समोर स्टेअरिंग, पायांशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि पुढे टीव्हीसारखा पडदा. पडद्यावर शर्यतीच्या मोटारी धावत होत्या. पँटमध्ये शर्ट खोचलेला एक तरुण सांगत होता, "हा गेम नाही, सिम्युलेटर आहे. सगळं अगदी खऱ्या गाडीसारखं!"

ते शेवटचे वाक्य नानांनी मनावर घेतले. चपला काढून ते बसले. इकडे तिकडे पाहून त्यांनी विचारले, "आरसा कोठे शे?"

"काका, रेसमध्ये मागे बघायचं नसतं!"

लोक हसले. नानांनी गाडी सुरू केली. पहिली दोन वळणे त्यांनी इतक्या सफाईने घेतली, की तो तरुणही पुढे झुकून पाहू लागला. मग सरळ रस्ता लागला. पडद्यावरचा वेगाचा आकडा वाढत गेला, आणि नानांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

गाडी भिंतीवर आदळली. पडद्यावर आगीचा लोळ!

त्यांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा सरळ रस्ता, पुन्हा हात मांडीवर, पुन्हा भिंत. तिसऱ्यांदाही तेच. आता मंडपात नुसता हशा होता.

"काका, स्टेअरिंग धरायचं असतं!"

"धराले येस मले, भाऊ. सोडीसन दखी राह्यनू. तुनी गाडी डाव्या आंगले वढस."

यावर तर माणसे पोट धरून हसली. "टीव्हीतली गाडी ओढते म्हणे!" कोणीतरी ओरडले. नाना उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. त्यांच्यासोबतचा माणूस म्हणून ओळखले जाऊ नये, एवढ्यासाठी मी गर्दीत मागे राहिलो.

गर्दी पांगल्यावर तो तरुण स्वतः यंत्रावर बसला. इकडे तिकडे पाहून त्याने सरळ रस्त्यावर हात सोडले. गाडी डावीकडे गेली. त्याने पुन्हा करून पाहिले, पुन्हा डावीकडे. मग त्याने स्टेअरिंगखालची झाकणी उघडली, आत बोट घातले, आणि यंत्र बंद करून त्यावर चादर टाकली.

"खीळ सैल झालीय," तो माझ्याकडे पाहून म्हणाला. "सकाळपासून शेकडो लोक बसले. यांनाच कसं कळलं?"

बाहेर नाना एका दगडावर बसले होते. तळवे उघडे धरून आपल्याच हातांकडे पाहत होते.

"काय म्हनना तो?"

"काही नाही," मी म्हणालो.

असे का म्हणालो, याचे उत्तर माझ्याजवळ आहे, आणि ते चांगले नाही. किस्सा माझ्या मनात तोवर रचून झाला होता, आणि त्याचा शेवट भिंतीवर होत होता.

* * *

दुसऱ्या दिवशी मी तो कारखान्यात सांगितला. आरसा, अनवाणी पाय, मांडीवरचे हात, आग! तरुणाची चादर मी गाळली. ती घातली असती तर हसू थांबले असते. गफूर मिस्त्री हसले, वेल्डर हसले. नानाही कोपऱ्यात उभे राहून थोडे हसले. शेठच्या तर डोळ्यांत पाणी आले. त्यांनी मला तीनदा सांगायला लावले.

तिसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र ते गंभीर झाले. "वय झालं नानांचं. तीनदा भिंतीवर घातली? उद्या कुणाची नवी गाडी घातली तर?"

"पण शेठ—" गफूर मिस्त्री म्हणाले.

"भाऊसाहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय. भाऊसाहेब चुकीचा शब्द बोलत नाहीत."

बोललो नव्हतोच. माझा प्रत्येक शब्द अचूक होता.

त्या महिन्यापासून ट्रायलला शेठचा भाचा जाऊ लागला. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून तो पेट्रोलपंपापर्यंत जाई आणि "ओके" म्हणून परत येई. नानांना मागच्या आवारात, जुन्या टायरांच्या ढिगापाशी खुर्ची मिळाली. तिथे राखण करण्यासारखे काही नव्हते.

* * *

एकदा धीर करून मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. वाक्ये पाठ केली होती : 'शेठ, त्या दिवसाची हकीकत मी अपुरी सांगितली.' आत भुसावळचे एक पाहुणे बसले होते.

"या, या!" शेठ म्हणाले. "अहो, तुमचाच विषय चालला होता. यांना तो नानांचा किस्सा सांगा की!"

मी सांगितला. भिंतीपर्यंत. पाहुणे इतके हसले, की त्यांचा चहा बशीत सांडला.

* * *

वर्ष संपण्याआधी नाना आपणहून गावी निघून गेले. तीन वर्षांनी साक्रीच्या बाजूला माझे काही काम निघाले, तेव्हा मी वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. सांगायचे ते या वेळी सांगायचेच, असे ठरवून.

नाना ओट्यावर बसले होते. भोवती गावची चार-पाच माणसे. मला पाहून ते उठले. "बठ्ठा लोके दखा, मना भाऊसाहेब उनात!" चहा आला. एकजण म्हणाला, "नाना, त्या मशीनना किस्सा सांगा ना."

नानांनी सांगितले. माझ्यापेक्षा कितीतरी सरस! आरसा, आकडा, सरळ रस्ता. "मंग मी दोन्ही हात सोडी दिधात," म्हणून त्यांनी हात वर उचलले, "आनि गाडी गयी भितवर!"

ओटा हसून हलला.

"मशीन बराबर व्हतं रे," नाना म्हणाले. "मनाच हात गयेल व्हतात. हाई भाऊसाहेब तठेच व्हतात, इचारा त्यास्ले."

सगळे माझ्याकडे वळले. मी कप खाली ठेवला.

"नाना, तुम्ही बाहेर गेल्यावर त्या मुलाने—"

नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तठेच थांबा, भाऊसाहेब. लोकेस्ले तठेच हासू येस."