चार रवे आणि बावड्याचा घाट

कोल्हापूर सोडताना माझ्या खिशात वजनकाट्याची पावती होती. सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, भाऊ विलास याने उद्यमनगरात चाकांवरची एक खोली बनवून घेतली होती. दोन बाकं, गॅस, पाण्याची टाकी. जीपला मागे जोडायचं आणि निघायचं. सगळे तिला डबाच म्हणत. ती बनवणाऱ्या मिस्त्रींनी बजावलं होतं, "सामानासकट नवशे किलो. जड ते खाली, चाकांच्या वर. मागच्या टोकाला काय बी न्हाय. मागं जड झालं की डबा शेपूट हलवतोय, मग जीप तुमच्या हातात न्हाय."

हे मी घोकत होतो आणि विलास हसत होता. "दाजी, तुमी नाशिकची माणसं लई भित्यासा." तरी माझ्या हट्टापायी आम्ही उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत तासभर उभे राहिलो. काट्यावरच्या माणसाने विचारलं, "पावणं, ऊस कुठाय?" जीप सोडवून नुसता डबा तोलला. आठशे साठ भरला. माझा जीव भांड्यात पडला.

कळे गाव मागे टाकलं आणि आण्णामामांच्या गुऱ्हाळावर थांबलो. हे सुनंदाचे मामा. उसाचा रस झाला, कढईतला गरम गूळ झाला. मामा विलासला नवा ऊस दाखवायला घेऊन गेले, सुनंदा मामींबरोबर आत गेली. तेवढ्यात दोन गडी डब्याच्या मागच्या दारातून रवे (गुळाच्या मोठ्या ढेपा) आत ठेवताना मला दिसले. एक, दोन, तीन, चार. एकेक तीस किलोचा. या भागात पाहुणा रिकामा जात नाही आणि गूळ नको म्हणणं म्हणजे माणूसच नको म्हणणं. मी जावई. हातात रसाचा पेला धरून गप्प बसलो. विलासलाही सांगितलं नाही, तो पुन्हा हसला असता.

पुढचा प्रत्येक किलोमीटर मी मागच्या काचेतून बघत काढला. गगनबावड्याच्या अलीकडे एका उतारावर समोरून ट्रक गेला आणि डबा डुलायला लागला. आधी थोडा, मग जीपची मागची बाजू ओढत. माझी सात वर्षांची मीनू खिडकीवर आपटली. "बाबा, मागून कोण ढकलतंय?"

"ब्रेक नको, नुसता पाय काढ," मी विलासला ओरडलो. डुलणं हळूहळू थांबलं आणि पुढे एका चहाच्या टपरीपाशी जीप उभी केली. तिथून पुढे घाट होता, एका बाजूला दरी. मी सगळं कबूल केलं. विलास हसला नाही. सुनंदा तर कोकणात उतरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

रवे टपरीवाल्याकडे ठेवले. "येताना न्या की, गूळ काय पळून जातोय?" तो म्हणाला. घाटात डबा मुकाट मागून आला.

चार दिवसांनी परतताना शिधा संपला होता. पाण्याची टाकी ओतून दिली, टपरीवरचे रवे घेऊन चाकांच्या वर मांडले आणि मामांकडे आलो.

"गूळ कोकणात वाटला न्हवं?" मामांनी विचारलं. विलासने मला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं. पण मी सांगून टाकलं.

मामांनी डब्याचं दार उघडून रवे बघितले. "चढवताना तुमी बघितलं व्हतं?"

"हो."

"मग?"

"तुमची भीड पडली."

"पोरगी गाडीत, आन् भीड माझी?"

वजनकाट्यावर मी डब्यातलं सगळं तोललं होतं, फक्त मला एक शब्द बोलायला किती जड जातं, ते सोडून.

निघताना गडी पुन्हा गूळ घेऊन आला. "मामा, आता काही नको," मी म्हणालो. मामांनी गड्याला हातानेच थांबवलं, ढेपेचा एक खडा फोडून मीनूच्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"एवढं चालंल न्हवं, पावणं?"